दुर्बिणीच्या ऑपरेशनमधून कोरोना पसरतो का? एका जुन्या फॉरवर्डची तपासणी

६ ऑगस्ट २०२१ ला आमच्या भंडारा जिल्ह्यात कोरोनाचे सक्रिय रुग्ण शून्यावर आले. राज्यात इथवर पोचलेला हा पहिला जिल्हा. २७ एप्रिल २०२० ला गराडा बुद्रुक या गावात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला होता. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये एकाच वेळी १२ हजारांहून जास्त सक्रिय रुग्ण, आणि तोवर अकराशेंवर मृत्यू. त्यामुळे शून्याची बातमी आली तेव्हा शहापूरला कुणी फटाके फोडले नाहीत, पण लोकांनी सुटकेचा श्वास मात्र नक्की घेतला.

आता दुसरी यादी उघडली आहे. दीड वर्ष पुढे ढकललेल्या ऑपरेशनांची. कुणाचा हर्निया, कुणाची गर्भाशयाची गाठ, कुणाच्या पित्ताशयातले खडे. माझ्या आत्याचं नाव या तिसऱ्या गटात आहे. खडे मागच्या सप्टेंबरमध्ये सोनोग्राफीत दिसले. "सध्या थांबा" असं सांगितलं गेलं. एप्रिलमध्ये तिला कोरोना होऊन गेला, मे महिन्यात पोट दुखायचा जोरदार झटका आला, तेव्हा नागपूरला बेड मिळायची मारामार. इंजेक्शन आणि सलाईनवर ती वेळ निभावली. आता सर्जन म्हणतात, तिसरी लाट यायच्या आत दुर्बिणीने काढून टाकू.

आणि नेमका त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: कोरोनाच्या काळात दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका, पोटात भरलेल्या गॅसमधून विषाणू बाहेर उडतो, परदेशातल्या मोठ्या सर्जननी हे बंद केलं आहे. आत्याचा फोन आला. "बाबू, हे खरं आहे का? मंग साधं पोट फाडूनच करू का?"

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण हा प्रश्न बराचसा हवा, दाब, गळती आणि फिल्टर यांचा आहे. त्यामुळे बसून वाचून काढलं. जे समजलं ते इथे मांडतो आहे.

## फॉरवर्ड खोटा नाही, जुना आहे

आधी त्या मेसेजची वंशावळ. मार्च २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. भारतात नुकताच लॉकडाऊन लागला होता, इटलीत हॉस्पिटलं भरून वाहत होती, विषाणूबद्दल फारसं काहीच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ब्रिटनमधल्या सर्जनांच्या संस्थांनी एकत्र येऊन सूचना काढली: पोटाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे टाळावी, कारण त्यातून हवेत तरंगणारे सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात. काही दिवसांतच ही भाषा थोडी सैल झाली. निवडक रुग्णांत, फायदा धोक्यापेक्षा बराच जास्त असेल तर करावी, असं ठरलं.

पण त्याच आठवड्यात अमेरिका आणि युरोपातल्या दुर्बिणीच्या सर्जनांच्या संघटनांनी वेगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं: दुसरे काही विषाणू धुरात सापडले आहेत हे खरं, पण कोरोनाबाबत तसा पुरावा नाही. फिल्टर लावा, गॅस बंद वाटेने काढा, काळजी घ्या, आणि गरज असेल तिथे दुर्बीण वापरा. नंतर भारतातल्या सर्जनांच्या संघटनांनीही एकत्र येऊन आपल्याकडच्या परिस्थितीला धरून सूचना काढल्या. त्याही काळजी घेऊन करा या अंगाच्या होत्या, कायमची बंदी घाला असं त्यात नव्हतं.

म्हणजे आत्याच्या फोनवर आलेलं वाक्य कधीतरी, कुठेतरी, खऱ्या माणसांनी म्हटलेलं होतं. फक्त ते पहिलं व्हर्जन होतं. आमच्या क्षेत्रात असं रोज होतं: सर्व्हरवरचं पान बदललेलं असतं, पण तुमच्या ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते आणि तो तीच दाखवत राहतो. व्हॉट्सॲपला 'रिफ्रेश'चं बटण नाही, एवढाच फरक.

## पोटात नेमकं काय करतात?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात. त्यातून नळ्या आत बसवतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एका पोर्टमधून कॅमेरा, बाकीच्यांतून चिमटे, कात्री आणि विजेवर चालणारं, रक्त थांबवणारं हत्यार, म्हणजे कॉटरी.

पण पोट काही रिकामी खोली नाही. आतडी, यकृत, सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. काम करायला जागा हवी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं फुगवतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, त्यामुळे कॉटरीची ठिणगी चालते. शिवाय तो रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. साधी हवा भरली तर तिचा बुडबुडा रक्तवाहिनीत अडकायचा धोका जास्त.

दाब किती असतो? साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. रक्तदाब आपण १२० म्हणतो ना, त्याच मापात. घरच्या कुकरची शिट्टी ज्या दाबाला होते त्याच्या सुमारे पन्नासावा भाग. म्हणजे स्फोट वगैरे काही नाही. पण बाहेरच्या हवेपेक्षा दाब जास्त आहे, म्हणून जिथे फट मिळेल तिथून गॅस बाहेर येणार, हेही तितकंच खरं.

भारतात ही पद्धत नवी नाही. डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. एका सरकारी रुग्णालयात. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होतं.

## कोरोनाचा विषाणू त्या गॅसमध्ये असतो का?

इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि फॉरवर्ड करणारे ते एकात कालवतात.

पहिला: विषाणू मुळात पोटाच्या पोकळीत असतो का? कोरोनाचं मुख्य घर नाक, घसा आणि फुप्फुसं. पोटातल्या द्रवाची तपासणी काही रुग्णांत झाली. इटलीतल्या पिसामध्ये एका गंभीर रुग्णाच्या पोटातल्या द्रवात विषाणूचा आरएनए सापडला. सिंगापूरमध्ये कोरोना असलेल्या एका रुग्णाचं अपेंडिक्स दुर्बिणीने काढलं, त्याच्या पोटातल्या द्रवात तो सापडला नाही. म्हणजे असू शकतो, पण प्रत्येकात असतोच असं नाही.

दुसरा: असला तरी तो धुरात जिवंत राहतो का? कॉटरी पेशी जाळते आणि त्याचा धूर होतो. या धुराबद्दलची शंका कोरोनाच्या कितीतरी आधीची आहे. १९८० च्या दशकातच चामखिळी लेसरने जाळताना निघणाऱ्या धुरात पॅपिलोमा विषाणूचा डीएनए सापडला होता. २०१६ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी हेपटायटिस बी असलेल्या ११ रुग्णांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा धूर तपासला, त्यातल्या १० जणांच्या धुरात तो विषाणू मिळाला. भीतीचं मूळ इथे आहे आणि ते काल्पनिक नाही. पण हेपटायटिस बी रक्तात भरपूर फिरतो, कोरोनाचा विषाणू रक्तात क्वचित आणि थोडा सापडतो. शिवाय आरएनए किंवा डीएनए सापडणं म्हणजे लागण करू शकणारा विषाणू सापडणं नव्हे. हार्ड डिस्कवर एखाद्या प्रोग्रॅमची अर्धवट फाइल मिळाली म्हणून तो प्रोग्रॅम चालू आहे असं होत नाही, तसं.

तिसरा: जिवंत असला तरी लागण व्हायला पुरेसा माणसाच्या नाकापर्यंत पोचतो का? दीड वर्षात जगभर कोरोना असलेल्या असंख्य रुग्णांची तातडीची ऑपरेशनं झाली. पोटातल्या गॅसमधून ओटीतल्या कुणाला कोरोना झाला, असं सिद्ध झालेलं उदाहरण नोंदवलेलं नाही. उदाहरण नाही म्हणजे धोका शून्य असं नव्हे, कारण ओटीतल्या माणसाला लागण कुठून झाली हे शोधणं अवघड असतं. पण धोका प्रचंड असता तर तो एव्हाना दिसला असता.

आणि एक गोष्ट जी आत्याच्या लक्षात आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला माझ्याही नाही: हा धोका रुग्णाचा नाहीच. आत्याच्या पोटातल्या गॅसमध्ये विषाणू असलाच, तर तो आत्याच्याच अंगातला असणार. धोका आहे तो टेबलाभोवती उभ्या असलेल्या सर्जनला, भूलतज्ज्ञाला, सिस्टरला. म्हणजे फॉरवर्ड रुग्णाला घाबरवतो ते दुसऱ्याच कुणाच्या धोक्यावरून.

तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लहान गावात सर्जन एकच असतो. तो पंधरा दिवस घरी बसला, तर त्या पंधरवड्यात फुटलेलं प्रत्येक अपेंडिक्स नागपूरच्या रस्त्याला लागतं.

## मग पोट फाडून केलं तर धूर होत नाही का?

होतो. कॉटरी तिथेही तीच असते. फरक धूर कुठे जातो यात आहे.

मोठा छेद देऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये धूर निघाला की लगेच वर येतो, सर्जनच्या चेहऱ्याकडे. त्याला अडवायला मध्ये काही नाही. दुर्बिणीत तोच धूर फुगवलेल्या पोटात अडकून राहतो. त्यामुळे तो आत दाट होत जातो. कॉटरी दहा मिनिटं चालवल्यावर दुर्बिणीच्या धुरात कणांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतं, अशी चीनमधल्या डॉक्टरांची नोंद आहे आणि विरोध करणारे तिचाच दाखला देतात.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. दाट धूर बंद भांड्यात आहे. तो कधी, कुठून आणि कोणत्या नळीतून बाहेर काढायचा हे तुमच्या हातात आहे. चुलीचा धूर आणि चिमणी बसवलेल्या भट्टीचा धूर यात जो फरक, तोच. भट्टीत धूर जास्त असेल, पण चिमणी नीट असेल तर घरात डोळे झोंबत नाहीत. चिमणी फुटकी असेल तर मात्र चुलीपेक्षा वाईट.

म्हणून 'दुर्बीण की उघडं' हा प्रश्नच अर्धवट आहे. खरा प्रश्न: गळती कुठे होते, आणि ती अडवली आहे का?

शिवाय रुग्णाच्या बाजूने पाहा. पित्ताशय उघड्या पद्धतीने काढायचं तर बरगडीखाली मोठा छेद येतो. तो दुखतो म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, छातीत कफ साठतो. दुर्बिणीनंतर माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो, उघड्या ऑपरेशननंतर बरेच दिवस वॉर्डात राहतो. साथीच्या काळात फुप्फुसं जपायची आणि हॉस्पिटलात कमीत कमी राहायचं, हे दोन्ही महत्त्वाचं. आत्यासाठी पोट फाडणं हा सुरक्षित पर्याय वाटत होता, प्रत्यक्षात तिच्यासाठी तोच जास्त जोखमीचा निघतो.

## गळतीच्या चार जागा

मार्गदर्शक सूचना वाचल्या तर सगळ्यांचा रोख याच चार ठिकाणांवर दिसतो.

१. पोर्टच्या कडेने. छेद पोर्टपेक्षा मोठा झाला की बाजूने गॅस फुसफुसतो. उपाय साधा: छेद मापात ठेवायचा, पोर्ट घट्ट बसवायचा.

२. हत्यार आत-बाहेर करताना. पोर्टमध्ये झडप असते. जुनी, झिजलेली झडप नीट मिटत नाही. आपल्याकडे पोर्ट पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरतात, त्यामुळे झडपेचं रबर तपासणं हे खरं काम आहे.

३. काढलेला अवयव बाहेर आणताना. पित्ताशय पिशवीत घालून छिद्रातून ओढतात, तेव्हा दाबातला गॅस एकदम बाहेर येऊ शकतो. म्हणून आधी गॅस काढायचा, मग अवयव.

४. शेवटी पोट रिकामं करताना. सगळ्यात मोठी जागा हीच. नेहमीच्या दिवसांत पोर्टची तोटी उघडतात आणि सगळा गॅस ओटीत सुटतो. साथीत हे चालणार नाही. तोटीला नळी जोडून गॅस फिल्टरमधून किंवा सक्शनमधून काढायचा, आणि पोट पूर्ण बसल्यावरच पोर्ट उपसायचे.

याखेरीज दाब शक्य तितका कमी, १० ते १२ पर्यंत ठेवायचा, आणि कॉटरीची ताकद व वेळ कमी ठेवायचा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. शिस्त लागते.

## फिल्टरचं गणित आणि लहान गावातली ओटी

कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा. कॉटरीच्या धुराचे कणही याच मापाच्या आसपास, सरासरी ०.०७ मायक्रॉन. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. त्याहून बारीक अल्पा फिल्टर ०.१२ मायक्रॉनचे ९९.९९९ टक्के.

इथे एक गैरसमज दूर करू. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे की छिद्रापेक्षा लहान कण सुटून गेला. फार बारीक कण सरळ जात नाहीत, हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि तंतूला चिकटतात. सगळ्यात निसटता कण मधल्या आकाराचा, ०.३ मायक्रॉनच्या जवळपासचा असतो. म्हणून चाचणी त्याच आकारावर करतात. 'विषाणू फिल्टरपेक्षा लहान आहे, मास्कचा काय उपयोग' हा दुसरा फॉरवर्डही इथेच बाद होतो.

धूर ओढणारं तयार यंत्र महाग आहे आणि त्याचे फिल्टर बदलत राहावे लागतात. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांना ते जमतं, पन्नास खाटांच्या नर्सिंग होमला अवघड. म्हणून २०२० मध्ये सर्जननी दोन स्वस्त वाटा काढल्या.

एक: व्हेंटिलेटरच्या नळीत बसवतात तो विजेच्या भाराने कण पकडणारा छोटा फिल्टर पोर्टच्या तोटीला जोडायचा. तो भूल देण्याच्या सामानात असतोच. ही युक्ती शोधनिबंधातून जगभर पोचली आणि ती समजायलाही सोपी आहे. मर्यादा एकच, फिल्टर ओला झाला की हवा नीट जात नाही.

दोन: नळीचं टोक सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायचं आणि गॅस बुडबुड्यांतून सोडायचा. छातीत नळी घालतात तेव्हाच्या बाटलीसारखंच. हे बघायला समाधानकारक वाटतं, पण माझ्या मते एकट्या याच्यावर विसंबू नये. मोठ्या बुडबुड्याच्या मधला कण पाण्याला न शिवताच वर येऊ शकतो. बुडबुडा जितका बारीक तितकं बरं. आधी फिल्टर, मग बाटली, असं एकामागे एक लावलं तर दोघांच्या उणिवा झाकल्या जातात.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती खोलीची हवा. चांगल्या ओटीत तासाला २० वेळा हवा बदलते. हिशेब सोपा आहे: हवेतले ९९ टक्के कण निघून जायला तासाला २० बदल असतील तर सुमारे १४ मिनिटं लागतात, १२ असतील तर २३, आणि ६ असतील तर ४६. आता आपल्याकडची बरीचशी लहान ओटी डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर स्प्लिट एसी, खिडक्या बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. म्हणजे हवाबदल जवळजवळ शून्य. अशा खोलीत पोटातल्या गॅसपेक्षा भूल देताना घशात नळी घालण्याचा क्षण, रुग्णाचा खोकला, आणि दिवसभर एकमेकांशेजारी उभे राहणारे, चहाला मास्क काढणारे कर्मचारी हेच मोठे धोके.

हॉस्पिटलच्या भिंतीतली वायर आणि छतातली हवा हाही उपचाराचाच भाग असतो, हे आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. यंत्रं विकत घेतल्याच्या बातम्या होतात, त्यांच्या आजूबाजूच्या इमारतीकडे कुणी बघत नाही. ओटीची हवा ही तशीच दुर्लक्षित गोष्ट आहे.

एक तिसरा, वेगळाच मार्गही आहे. गॅस न भरता दुर्बीण. पोटाची भिंत आतून आधार देऊन यंत्राने वर उचलून धरायची आणि त्या जागेत काम करायचं. ग्रामीण सर्जन डॉ. जे. ज्ञानराज आणि त्यांचे सहकारी हे बरीच वर्षं करत आले आहेत, इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठाने त्यांच्यासोबत या उपकरणावर काम केलं आहे. मूळ हेतू कोरोना नव्हता. गॅसची टाकी आणि पूर्ण भूल देणारा तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी दुर्बीण पोचावी हा होता. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली तर घशात नळी घालायचीही गरज राहत नाही. गरजेतून निघालेली युक्ती साथीच्या काळात दुहेरी उपयोगाची ठरते, ती अशी.

## खरा मोठा धोका कुठे आहे?

गॅसच्या चर्चेत एक मोठा आकडा झाकला गेला. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २४ देशांतल्या २३५ हॉस्पिटलांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात किंवा नंतरच्या महिन्यात कोरोना झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के जण ३० दिवसांत दगावले. निम्म्याहून जास्त जणांना फुप्फुसाचे त्रास झाले. यात बरेच जण वयस्क आणि तातडीच्या ऑपरेशनचे होते हे खरं, तरी जवळजवळ चारातला एक हा आकडा भयंकर आहे.

म्हणजे दुर्बीण आहे की उघडं, यापेक्षा रुग्णाला त्या वेळी कोरोना आहे का हा प्रश्न कितीतरी मोठा. साथीच्या काळात ऑपरेशनआधीची आरटीपीसीआर चाचणी लोकांना नुसता सोपस्कार वाटायची. ती कर्मचाऱ्यांसाठी होतीच, पण त्याहून जास्त रुग्णासाठी होती.

कोरोना होऊन गेला असेल तर? यावर मार्च २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कधीच कोरोना न झालेल्यांमध्ये ऑपरेशननंतर ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्के होतं. वय, आजार वगैरे हिशेबात धरून, कोरोनानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन केलेल्यांत ते ४.१ टक्के, तीन-चार आठवड्यांनी ३.९, पाच-सहा आठवड्यांनी ३.६, आणि सात आठवडे उलटल्यावर पुन्हा १.५. म्हणून तेव्हा सात आठवडे थांबा हा नियम आला. मात्र ज्यांचा दम किंवा खोकला सात आठवड्यांनंतरही टिकून होता त्यांच्यात प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे नुसतं कॅलेंडर बघून भागत नाही, माणूस बघावा लागतो.

आणि थांबण्याचीही किंमत असते. पहिल्या लाटेच्या १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द किंवा लांबणीवर पडतील असा संशोधकांचा अंदाज होता, भारताच्या वाट्याला त्यातली पाच लाखांहून जास्त. प्रत्येक लांबलेला खडा शांत बसत नाही. कधी तो नळीत अडकतो, कावीळ होते, स्वादुपिंड सुजतं. मग ठरवून करायचं सोपं ऑपरेशन रात्री दोन वाजता, ॲम्ब्युलन्समध्ये बसून, अवघड होऊन करावं लागतं.

काही वेळा थांबणं शहाणपणाचंही असतं. अपेंडिक्सवर आधी अँटिबायोटिक देऊन बघायचा अमेरिकेतला मोठा प्रयोग ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९० दिवसांत दहापैकी तीनच जणांना ऑपरेशन लागलं. पण थांबणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, फॉरवर्डला घाबरून टाळलेला नव्हे.

## नाकातली दुर्बीण: जिथे भीती रास्त होती

गंमत अशी, सगळी चर्चा पोटाची झाली, आणि मे २०२१ मध्ये महाराष्ट्रावर जी दुर्बिणीच्या ऑपरेशनांची लाट आली ती नाकाची होती. म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले. नागपूरसह राज्यभर कान-नाक-घसा तज्ज्ञांना सायनसमधली सडलेली ऊती दुर्बिणीने काढावी लागली, काहींचे डोळे काढावे लागले.

धोक्याच्या नजरेने पाहिलं तर हे पोटाच्या अगदी उलट. विषाणूचं घर नाकातच, तिथे फुगवलेलं बंद भांडं नाही, आणि फिरती हत्यारं ओलावा उडवतात. पोटाबद्दल तीन 'जर' लागतात, इथे एकच: रुग्णाच्या नाकात अजून विषाणू आहे का? अनेकांना म्युकर कोरोनानंतर काही आठवड्यांनी झाला, तोवर चाचणी निगेटिव्ह आलेली असे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरीही ही ऑपरेशनं थांबवता येत नव्हती. थांबलं तर बुरशी मेंदूकडे सरकते. एन९५, चेहऱ्यावर ढाल, पीपीई घालून घामाने निथळत डॉक्टरांनी ती केली. धोका कळला म्हणून त्यांनी हात मागे घेतला नाही, धोक्याप्रमाणे तयारी केली. मला वाटतं, या सगळ्या विषयाचा धडा तोच आहे.

## तुमच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल तर हे विचारा

* ऑपरेशनच्या आधी कोरोनाची चाचणी करणार का, आणि किती दिवसांत? चाचणीपासून ऑपरेशनपर्यंत घरात वेगळं राहणं जमेल का?
* मला नुकताच कोरोना होऊन गेला आहे का? अजून दम लागतो का? हे सर्जनइतकंच भूलतज्ज्ञालाही सांगा.
* थांबलो तर काय होऊ शकतं, आणि केलं तर काय?
* शेवटी पोटातला गॅस कसा काढणार? फिल्टर किंवा सक्शन आहे का? हा प्रश्न विचारल्यावर सर्जन रागावला नाही, उलट खूश होऊन समजावू लागला, तर तुम्ही बरोबर ठिकाणी आलात.
* ओटीत हवा बदलायची काय सोय आहे?
* किती दिवसांत घरी सोडणार, आणि सोबत किती माणसं थांबू देणार? वॉर्डातली नातेवाइकांची गर्दी पोटातल्या गॅसपेक्षा जास्त धोक्याची आहे.
* लस घेतली आहे का? तुम्ही आणि सोबत राहणाऱ्याने. शक्य असेल तर ऑपरेशनच्या बरीच आधी.

आत्याला हे सगळं मी फोनवर सांगितलं. एप्रिलपासून सात आठवडे कधीच उलटून गेले आहेत, दम लागत नाही, दोन मजले चढून ती गच्चीवर मिरच्या वाळत घालते. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे तो धोका माह्या नाही, डॉक्टरचा आहे?" मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मंग त्यायले सांग नं, नीट मास्क लावा म्हणा."

ग्रुपवर मी त्या फॉरवर्डखाली उत्तर टाकलं आहे: मेसेज मार्च २०२० चा आहे, त्यानंतर बरंच पाणी पुलाखालून गेलं. अंतिम निर्णय तुमच्या सर्जनशी बोलून घ्या. पण आधी मेसेजची तारीख बघा.